क्लॅरीच्या कानाचं वय

एका उन्हाळ्यात आमच्या वॅरंडी गावात इतकं तापलं, की मेंढ्यांना कातरावं लागलं नाही. नुसती फुंकर मारली आणि लोकर गळून पडली. हे मी शंभर वेळा सांगितलंय आणि लोक शंभर वेळा हसलेत. क्वीन्सलंडच्या आतल्या भागात दुसरी करमणूक नाही. क्लॅरी डोहर्टी तेवढा हसायचा नाही, आणि बोलायचाही नाही. चाळीस वर्षं आम्ही जोडीनं कुंपणं घातली. त्याच्या वाटचं मीच बोललो.

कातडीच्या डॉक्टर फिनेगनबाई वर्षातून तीनदा विमानानं यायच्या. गावच्या हॉलमध्ये सगळे म्हातारे टोप्या काढून रांगेत. उन्हानं कातडीवर उठलेली बारीकसारीक खपली बाई तिथंच गोठवून टाकत. मोठी, किंवा नाक, ओठ, कान अशा अवघड जागची असली, की ब्रिस्बेनच्या सर्जनकडे चिठ्ठी. तिथं रांगा दोन : घाईची आणि सावकाशीची. कुठली, ते बरंचसं एका प्रश्नावर ठरायचं.

क्लॅरीच्या डाव्या कानावर वाटाण्याएवढी गाठ होती.

"केव्हापासून आहे?" बाईंनी विचारलं.

क्लॅरीनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं.

"मोठ्या पुरापासून," मी म्हणालो. "हा झाडावर चढून बसलेला. एका काकाकुव्याला कान म्हणजे फळ वाटलं, मारली चोच."

रांग हसली. बाईही हसल्या. "म्हणजे बरीच वर्षं. वाढतेय का?"

"तिला कुठली घाई, बाई? धनी बघा की तिचा."

क्लॅरीनं तोंड उघडलं होतं, ते मी पाहिलं. पण रांग हसत होती, आणि हसती रांग मला सोडवत नाही. गाठ जेमतेम सहा आठवड्यांची होती. लोकर कातरणीच्या वेळी कान साफ होता.

बाईंनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. चिठ्ठीत त्यांनी लिहिलं : जुनी, हळू वाढणारी. सावकाशीची रांग. पाच महिने.

तोवर ती मानेत उतरली. सर्जननं कान काढला, त्याबरोबर चेहऱ्याची नसही गेली. क्लॅरीचा डावा गाल लोंबायला लागला.

पुढच्या फेरीला माझ्या नाकावर एक निघालं. क्लॅरी शेजारीच बसला होता.

"केव्हापासून?" बाईंनी विचारलं. आता त्या हसत नव्हत्या.

"महिना झाला," मी म्हणालो. खरंच सांगत होतो. बाईंचं पेन हललं नाही.

"त्याला नका विचारू," क्लॅरी उरलेल्या अर्ध्या तोंडानं म्हणाला. "मला विचारा. पाच आठवडे. दुप्पट झालंय. रक्त येतं, ते हा बाहीनं पुसतो."

बाईंनी लिहून घेतलं. घाईची रांग. नवव्या दिवशी ऑपरेशन. नाक शाबूत राहिलं.

ब्रिस्बेनहून परतताना ट्रक मी चालवत होतो. रस्ता लांबचा, म्हणून म्हटलं, "क्लॅरी, त्या उन्हाळ्यात..."

त्याचा उजवा कान माझ्याकडे होता. त्यानं रेडिओ मोठा केला.