कावळ्यासाठी रडणं

आमचे हे बकरीमुळे पडले. आधीच सांगून टाकते, कारण समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला यांनी वेगळं जनावर सांगितलं होतं. मिलच्या मालकांना रानडुक्कर, हमालांना अस्वल आणि माझ्या भावाला तर बिबट्या. लामत्याच्या रस्त्याला जंगल आहे, त्यात ही सगळी जनावरं आहेत, त्यामुळे कोणाला खोटं म्हणायची सोय नव्हती. पण जिची बकरी आडवी आली ती म्हातारी स्वतः यांना एका ट्रकात घालून बालाघाटपर्यंत सोडायला आली होती. बकरीचा पाय मुरगळला म्हणून ती यांच्यापेक्षा जास्त कण्हत होती.

अडुसष्ट सालची दिवाळी नुकतीच झाली होती. हे राईस मिलमध्ये मुनीम. धान निघालं की गावोगाव फिरून सौदे करायचे, त्यासाठी मालकांनी एक जुनी मोटारसायकल दिली होती. ती आली तेव्हापासून यांची मान जरा ताठच झाली होती. आता मनगटाला प्लास्टर, हनुवटीला टाके आणि दोन्ही गुडघे सोललेले. डॉक्टर म्हणाले, "शुक्र मनाओ मुनीमजी, कलाई ही टूटी है." मी मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि तोंडानं यांना चार शब्द सुनावले.

उजवा हात बांधलेला, म्हणून भात मी भरवायचा, शर्टाची बटणं मी लावायची, केसही मीच विंचरायचे. माणूस आजारी पडला की लहान होतो म्हणतात. आमचे हे लहान झाले नाहीत, नुसते जास्त चिडके झाले. भात गरम का, दूध कोमट का, हळद एवढी का. तरी मला ते बरं वाटत होतं. चिडतो आहे म्हणजे माणूस शाबूत आहे.

खरी काळजी लागली ती माझ्या सासूबाईंना, आणि ती हाताची नव्हती. त्या बकरीवाल्या म्हातारीनं जाताना त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाई, तुमचा लेक बेसुद पडला होता ना, तवा कावळा येऊन त्याच्या कपाळावर बसला. मी हाकलला, पन बसला होता."

आमच्याकडे कावळा माणसाच्या डोक्यावर बसला की मरण शिवून गेलं असं समजतात. त्याला उपाय एकच. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी कोणा नातेवाइकाकडे पाठवायची. तिकडं ते मनापासून रडले की दोष गेला. मग बातमी नेणारा तिथल्या तिथं खरं सांगतो, रडणारे डोळे पुसून त्याला शिव्या घालतात आणि शेवटी चहा पाजतात. मी लग्न होऊन आले त्या वर्षी आमच्या शेजारच्या अनुसयाकाकूंसाठी असंच केलं होतं, आणि गल्ली कितीतरी दिवस त्यावर हसत होती.

"काही गरज नाही," हे खाटेवरून ओरडले. "एका बकरीपायी मले मारून टाकता का?"

"तू गप पड," सासूबाई म्हणाल्या. "लालबर्ऱ्याच्या मावशीले धाडते बातमी. थे रडन घडीभर, तुह्यं काय जाते?"

मावशी लांबची, शिवाय कोणाच्याही मयतीला हौसेनं रडणारी. हे कुरकुरत गप्प झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मागच्या घरातल्या महागूला सासूबाईंनी निरोप देऊन बसवर धाडलं. महागू मिलमध्ये हमाल, स्वभावानं सरळ, सांगितलेलं काम मुकाट्यानं करणारा. कोपऱ्यावर त्याला थांबवून सासूबाई पुष्कळ वेळ काहीतरी सांगत होत्या. मी अंगण झाडत होते, मला ऐकू आलं नाही.

तो गेला आणि सासूबाईंनी चुलीवर कढई चढवली. अनारशाचं पीठ दिवाळीचं उरलेलं होतं, ते काढलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू होतं की मला राहवलं नाही.

"आत्याबाई, मावशी येऊन राह्यली का?"

त्यांनी आधी आतल्या खोलीकडं पाहिलं. मग माझ्याजवळ सरकल्या. "महागूले लालबर्ऱ्याले नाही धाडलं. पुष्पीकडे धाडलं."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

पुष्पलता म्हणजे माझी नणंद. यांची एकुलती एक, पाठची बहीण. खैरलांजीच्या पलीकडं, नदीकाठच्या एका गावात दिलेली. चार वर्षांपूर्वी चुलत दिराच्या लग्नात तिच्या नवऱ्याला, भोजराजभाऊंना, आहेराचा फेटा बांधायला उशीर झाला. आधी दुसऱ्याच एका पाहुण्याला बांधला गेला. भोजराजभाऊ न जेवता उठले. यांनी त्यांना थांबवायचं सोडून सगळ्यांच्या देखत म्हटलं, "उपाशी गेला तं गेला, आपलं अन्न वाचलं." बस, एवढंच. एका फेट्यावरून दोन घरं तुटली. त्यानंतर यांनी बहिणीला ना दिवाळीला आणलं, ना तिजेच्या सणाला. तिला मुलगा झाल्याचं बाजारात कोणीतरी सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी बारशाला जायचा हट्ट धरला. हे म्हणाले, "या घरात त्या गावाचं नाव काढायचं नाही." आणि खरंच कोणी काढलं नाही. ओळखीपाळखीचे लोकसुद्धा आमच्यासमोर तो विषय टाळायला शिकले.

"अन् महागूले बजावलं," सासूबाई सांगत होत्या, "की खरं काही सांगू नोको. तिले घेऊनच ये, लेकरासंगं. माही शपथ घातली त्याले."

"आत्याबाई! थे बिचारी रस्ताभर जीव देईन रडून रडून."

"रडू दे व. जित्त्या भावासाठी तिले येता येत नाही, अन् हा मेला आनू देत नाही. मेल्या भावासाठी कोन अडवन तिले? रडत येईन, दारात पाह्यन तं भाऊ खाटेवर बसून भात खाऊन राह्यला. रागवन, मले दोन बुक्क्या मारन, मंग हासन. हा बी हासन. झालं." त्यांनी कनवटीतून पैसे काढावेत तसं लुगड्याच्या घडीतून एक अंगडं काढलं. निळ्या छिटाचं, बाह्यांना झालर लावलेलं. "अनुसयेच्या नातवाच्या मापानं शिवलं. होईन ना व त्याले?"

मी रागावायला हवं होतं. पण मलाही ती हवी होती. या घरात मी आले तेव्हा माझ्याशी पहिल्यांदा हसून बोलली ती पुष्पलताच होती. मी म्हटलं, "होईन." आणि अनारसे थापायला बसले.

दुपार कलली. मी यांना भरवत होते. तेव्हा गल्लीच्या तोंडाशी रडणं ऐकू आलं.

आमच्याकडच्या बायका नुसत्या रडत नाहीत, बोलून रडतात. मेलेल्याचे गुण सांगतात, राहिलेलं सांगतात, भांडणसुद्धा रडण्यातच मिटवून टाकतात. आवाज ऐकताच हे घास तोंडात तसाच धरून थांबले. "ही तं पुष्पी होय," ते म्हणाले. मग माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली आणि यांना सगळं समजलं.

"माय!" हे ओरडले, पण सासूबाई तोवर दाराशी पोचल्या होत्या. दाराच्या चौकटीला हात लावून त्या उभ्या होत्या, आणि हसत होत्या. पदराखाली अंगडं होतं. शेजारच्या बायकाही आपापल्या ओट्यावर येऊन हसू दाबत होत्या. गल्लीत सगळ्यांना कावळ्याचं माहीत होतं.

पुष्पलताचे केस सुटले होते. पायात काही नव्हतं. तिच्या मागं महागू मान खाली घालून चालत होता. तिनं आईकडं पाहिलंसुद्धा नाही. उंबऱ्याशी येऊन तिनं जमिनीवर अंग टाकलं आणि कपाळ आपटत बोलू लागली.

"माह्या दादा रे! एका फेट्यापायी तोंड फिरवलं रे तू... दर दिवाळीले वाट पाह्यली रे मी, म्हनलं आता येईन, आता येईन..."

सासूबाई खाली वाकल्या. "पुष्पे, अवं पाह्य तं..." पण ती थांबायला तयार नव्हती.

"माहं लेकरू गेलं, तवाबी तुले सांगतलं नाही रे दादा! म्हनलं, हा जन्माले नाही आला, मरनाले कायले बलाऊ... त्याचं जावळ राखलं होतं रे मी. सारे म्हनत, काढून टाक, पोरीवानी दिसते. मी म्हनलं नाही, मामाच्या मांडीवर बसवून काढीन. तसंच गेलं रे ते, खांद्यावर केस घेऊन... आता तू चालला त्याच्याकडे. तुले ओळखनार नाही रे थो, त्यानं तुले पाह्यलंच नाही. तूच ओळख त्याले. केसावरून ओळख. अन् दादा, त्याले मांडीवर घेजो रे..."

गल्लीत कोणी हसत होतं ते थांबलं की नाही, मला आठवत नाही. सासूबाई वाकल्या होत्या तशाच राहिल्या. त्या तिच्या मागं पाहत होत्या, महागूच्याही मागं, रस्त्याकडं. कोणीतरी लेकराला घेऊन मागून येत असेल असं ते पाहणं होतं. महागूनं त्यांच्याकडं बघून फक्त मान हलवली.

नंतर तो मला म्हणाला, "वयनी, लेकराचं तिथं गेल्यावर मले समजलं. बसमध्ये ती माह्या बाजूलाच होती. कोनतं खरं आधी सांगू, मले सुचलंच नाही. तुमच्या आत्याबाईची शपथ होती."

आतून खाट वाजली. हे सोललेल्या गुडघ्यांनी भिंतीला धरत, गळ्यातल्या झोळीत हात घेऊन दारात आले. ओठाला भाताचं शीत लागलेलं होतं. "पुष्पे," ते म्हणाले.

तिनं मान वर केली. मग उठून तिनं यांच्या तोंडावरून हात फिरवला, हनुवटीचे टाके चाचपले, ते शीत पुसलं. मला वाटलं आता ही किंचाळेल, यांना मारेल, आईला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिचा चेहरा उलट भांबावल्यासारखा झाला होता.

"तू जित्ता हायस," ती म्हणाली.

"हौ. मले काही झालं नाही. बकरी आडवी आली होती."

यांनी पहिल्यांदाच कोणाला तरी बकरी सांगितली.

"मंग," पुष्पलतानं हळूच विचारलं, "त्याच्याजवळ कोन हाय?"

रस्ताभर, हुंदक्या हुंदक्यात, तिनं आपल्या लेकराला मामाच्या मांडीवर नेऊन बसवलं होतं. भाऊ गेला या दुःखात तिला तेवढाच एक आधार सापडला होता, आणि आम्ही तिच्यासमोर उभे राहून तो काढून घेतला. हे उंबऱ्यातच खाली बसले आणि चांगल्या हातानं बहिणीचे पाय धरले. लग्न झाल्यापासून मी यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, बकरीनं पाडलं तेव्हाही नाही. आता त्यांना श्वास घेता येत नव्हता. पुष्पलता त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती आणि तिचं स्वतःचं रडणं थांबलेलं होतं.

सासूबाईंनी पदराखालचं अंगडं काढलं नाही. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि मोठ्यानं रडू लागल्या. नातवाचं नाव त्यांना माहीत नव्हतं. नुसतं "माह्या राजा, माह्या राजा" म्हणत होत्या. ताप डोक्यात गेला, नदीला पूर होता, डोंगा सोडायला कोणी तयार झालं नाही, एवढं पुष्पलतानं तुटक तुटक सांगितलं. त्या भागातून बाजाराला येणाऱ्या कितीतरी लोकांना हे ठाऊक होतं. आम्हाला कोणी सांगितलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं की आम्हाला माहीत आहे, आणि माहीत असूनही आम्ही गेलो नाही.

बराच वेळ झाला. आतलं रडणं थांबेना, तेव्हा अनुसयाकाकू ओट्यावरून उतरून आमच्या दाराशी आल्या. त्यांना कानानं कमी ऐकू यायचं, पुष्पलताचे शब्द त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते. हसतच म्हणाल्या, "अवं आनंदी, आता पुरे कर म्हनाव सासूले. कावळ्याचा दोष केव्हाचा गेला. किती रडता?"

मी बाहेर जाऊन त्यांचा हात धरला आणि कानाजवळ तोंड नेलं.

"काकू, हे कावळ्याचं नव्हे. पुष्पीचं लेकरू गेलं."

त्यांचं हसू जागीच राहिलं. "काय म्हनते? कवा?"

काकू माझा हात हलवून पुन्हा विचारू लागल्या, "कवा व? आज? काल?"

"श्रावणात," मी म्हटलं.