शेपटीवरचे येफिम साव्विच

युद्ध संपून वर्षही उलटलं नव्हतं, तेव्हा मॉस्कोबाहेरच्या आमच्या कारखान्यात आम्ही एका लढाऊ विमानाचं नाक कापलं. पंखा आणि जुनं इंजिन काढलं आणि तिथं जर्मनांकडून हाती लागलेलं जेट इंजिन बसवलं. त्याचा जाळ वैमानिकाच्या पायांखालून, विमानाच्या पोटाला घासून मागे जाणार होता. सगळ्यांना लांब उभं राहायला बजावलं होतं.

येफिम साव्विच आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. सगळं युद्ध त्यांनी आघाडीवर विमानं सांभाळण्यात काढलं. पंख्याचं इंजिन जमिनीवर पूर्ण जोरात चालवलं की विमान नाकावर आपटायला बघतं, म्हणून मेकॅनिक शेपटीवर पालथा पडून तिला दाबून धरतो. ते त्यांच्या अंगातच मुरलं होतं.

आमचा वैमानिक रोदिओन, त्यानं इंजिन चालू केलं. आधी शिट्टी, मग असा आवाज की माझे दातसुद्धा हलले. त्यानं जोर वाढवला आणि येफिम साव्विच धावत जाऊन शेपटीवर आडवे झाले.

मी ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मागच्या चाकाचं रबर वितळून गळत होतं. शेपटीखाली लोंबणाऱ्या त्यांच्या जाड लोकरी नमद्याच्या बुटांनी पेट घेतला, तरी ते पकड सोडेनात. समोर बघणाऱ्या रोदिओनला यातलं काहीच दिसत नव्हतं.

मी विमानासमोर पळाले आणि डोक्याचा रुमाल सोडून हलवायला लागले. हातातून कुणीतरी हिसकावून घ्यावा तसा तो गेला, सरळ हवा ओढणाऱ्या इंजिनाच्या तोंडात. मागोमाग मीही ओढली जायला लागले, म्हणून जमिनीवर पडले. रोदिओननं रुमाल नाहीसा होताना पाहिला आणि इंजिन बंद केलं.

आम्ही बर्फ फेकून बूट विझवले. येफिम साव्विचांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ग्लाफिरा," ते म्हणाले, "विमान नाकावर गेलं का गं?"

"नाही गेलं, येफिम साव्विच. त्याला पंखाच नाहीये आता."

त्यांनी मान वळवून नाकाकडे पाहिलं. ते रिकामं तोंड त्यांना आत्ताच दिसल्यासारखं ते बघत राहिले.

रुमालानं इंजिनाच्या आतली पाती वाकली होती. मुख्य अभियंते आले तेव्हा मला वाटलं, आता घातपाताच्या आरोपाखाली मला धरून नेणार. मी रुमालाचं सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं, की म्हाताऱ्याचे पाय वाचतील का.

डाव्या पायाची तीन बोटं गेली, बाकी वाचलं. मागं लोखंडी चाक बसलं आणि वसंतात रोदिओन ते विमान उडवून सुखरूप खाली आला. सगळे टाळ्या वाजवत होते. मी मात्र डोक्याचा नवा रुमाल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता, त्यामुळे मला एकही टाळी वाजवता आली नाही.