उशीखालची फाईल

मित्रांनो, मी एक जुनी, जाडजूड फाईल आहे. निळ्या कापडाची, कडक पुठ्ठ्याची, आणि पाहुणे आले की वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली दडपली जाणारी. माझ्या पोटात एका माणसाचे तीन आजार राहतात. मला त्यांची लाज वाटत नाही. त्या माणसाला वाटत होती, आणि त्या लाजेपायी जे घडलं तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझे धनी बाइंडरकाका. एका छापखान्यात त्यांनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. पान फाटेल, पण त्यांनी घातलेला टाका सुटणार नाही, असा त्यांचा लौकिक होता. स्वतःच्या कागदांच्या बाबतीत मात्र दिव्याखाली अंधार! साखरेचे कागद स्वयंपाकघरातल्या खणात, हृदयाचे कपाटावर, किडनीचे छापखान्यात कामाच्या टेबलाखाली. कोणी तब्येत विचारली की म्हणायचे, "मला काय धाड भरलीय? साखर आहे जराशी. हृदय थोडं आळशी आहे. आणि किडनीचं वय झालंय, माझ्यासारखंच." तीन ठिकाणी ठेवलेले आजार त्यांना तीन किरकोळ कटकटी वाटायच्या. तिन्ही एकाच अंगात मुक्कामाला आहेत, हे ते सोयीस्करपणे विसरायचे.

एकदा दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी एकच रक्तदाबाची गोळी लिहून दिली. काकांनी दोन्ही इमानेइतबारे घेतल्या आणि भर कामात चक्कर येऊन पडले. दुसऱ्या दिवशी काकू घरातले सगळे कागद गोळा करून छापखान्यात गेल्या आणि टेबलाखालच्या कागदांसकट ते त्यांच्यासमोर आपटले.

"जगाची पुस्तकं बांधता ना? मग हे एवढं बांधा!"

तर असा माझा जन्म झाला. एका शब्दकोशाचं उरलेलं निळं कापड, दुहेरी पुठ्ठा, बांधायला दोन पट्ट्या. काका कुरकुरत होते, पण हात कुरकुरत नव्हते. त्यांनी मला पुस्तकाइतक्याच मायेने शिवलं. पहिल्या पानावर काकूंनी ठसठशीत अक्षरात तिन्ही आजार लिहिले, गोळ्या लिहिल्या, आणि खाली लाल शाईत एक ओळ लिहिली: "पाणी दिवसाला सव्वा लिटर. जास्त अजिबात नाही." हृदय आणि किडनी दोन्ही थकलेली असली की अंगातलं जास्तीचं पाणी बाहेर पडत नाही, ते छातीत साचतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. किडनीचे डॉक्टर म्हणाले, "सगळेच पेशंट असे शहाणे असते तर!" काका आठवडाभर ते वाक्य ज्याला त्याला ऐकवत होते. पण वर्षागणिक माझ्यात कागद वाढले, मी जाड होत गेले, आणि काकांना मी नकोशी झाले. "एवढी जाडी बघून लोक म्हणतील, हा माणूस आहे की दवाखाना?" असं म्हणून ते मला दडपायला लागले. मला वाईट वाटायचं. पण माझ्यावाचून काही अडत नव्हतं, म्हणून मीही गप्प होते.

मग करोना आला. आधी काकूंना बारीक ताप आला, मग काकांना खोकला झाला. काकूंचं चार दिवसांत निभावलं. काकांना जिना चढताना धाप लागली. काकूंना घराबाहेर पडायची परवानगी नव्हती. त्यांनी दारातूनच पिशवी भरून दिली. वर मी, खाली गोळ्या. "आधी फाईल द्या डॉक्टरांना. बाकी मग," त्या म्हणाल्या.

रुग्णालयाबाहेर लांबलचक रांग होती. पुढे उभा असलेला मफलरवाला मागे वळला आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

"काका, ही फाईल आत नेऊ नका. एक आजार सांगितला तर खाट, तीन सांगितले तर घरची वाट. खाटा कमी आहेत. धडधाकट माणसाला आधी घेतात."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"अहो, सगळेच म्हणताहेत."

सगळेच म्हणताहेत! मित्रांनो, या दोन शब्दांना आई-बाप नसतात, पण ते रांगेत सगळ्यांच्या पुढे उभे असतात. काकांनी मला पिशवीच्या तळाशी ढकललं. आत नखशिखांत पांढऱ्या पोशाखातल्या सिस्टरने विचारलं, "जुने आजार?"

"साखर आहे. थोडीशीच."

"हृदय, किडनी, रक्तदाब?"

"छे छे."

तिने लिहून घेतलं आणि खाट दिली. सतरा नंबर, पार टोकाच्या कोपऱ्यात. काकांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि पिशवी कोणी उघडली तर नको म्हणून मला उशीखाली सरकवलं. हृदयाच्या आणि किडनीच्या गोळ्या घेतल्या तर बिंग फुटेल, म्हणून त्याही तशाच पडून राहिल्या.

ताप होता, दोन दिवस पोटात अन्न नव्हतं. डॉक्टरांनी सलाईन लावलं. सिस्टर येता-जाता सांगायची, "काका, पाणी भरपूर प्या हं." तिचं काय चुकलं? समोरच्या कागदावर फक्त साखर लिहिलेली होती. रक्त तपासायला नेलं होतं, पण त्या गर्दीत अहवाल वेळेवर येत नव्हते. मी उशीखालून थेंबाथेंबाने उतरणारं सलाईन ऐकत होते आणि माझ्याच पहिल्या पानावरची ओळ माझ्या पोटात ओरडत होती. मला तोंड नाही, मित्रांनो. मला पानं आहेत, आणि ती बंद होती.

पहिल्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन आला.

"अहो, फाईल दिलीत ना?"

"दिली गं. डॉक्टर म्हणाले, किती छान बांधलीय."

काकू हसल्या. मला ते हसू फोनमधून ऐकू आलं. मला असं वाटलं की आत्ता माझे सगळे टाके उसवून मी पानापानाने या खोलीत पसरावं.

दुसऱ्या दिवशी काकांचे पाय सुजले. दुपारपर्यंत उताणं झोपणं अशक्य झालं. उशा मागे रचून ते बसल्या बसल्या श्वास ओढत होते. सगळ्यांना वाटलं, करोना बळावला. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला. त्या संध्याकाळीही काकूंना त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "सगळं ठीक आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर नवी बाटली घेऊन आली. तिने काकांच्या घोट्यावर बोट दाबलं. बोट उचललं तरी खड्डा तसाच राहिला.

"पाय आधी कधी असे सुजायचे का, काका?"

काकांनी मान हलवली. नाही. आता खरं सांगायचं ठरवलं असतं तरी मास्कमधून शब्द बाहेर पडला नसता. सिस्टरने बाटली आकड्याला अडकवली. काका त्या बाटलीकडे बघत राहिले. त्यांचा हात उशीखाली आला आणि माझ्या पट्टीवर थांबला. बोटं थंडगार होती. मला वाटलं, ते मला आणखी आत ढकलणार.

त्यांनी मला ओढलं. उचलायची ताकद नव्हती. त्यांनी मला खाटेच्या कडेपर्यंत रेटलं आणि खाली लोटून दिलं.

मी फरशीवर आपटले. पट्टी तुटली, एक कोपरा चेपला, आणि पहिलं पान सताड उघडलं. जन्मभर पडायला घाबरणाऱ्या मला त्या क्षणी इतका आनंद झाला की काय सांगू!

सिस्टर वाकली. तिने ते पान वाचलं आणि तिचा हात सगळ्यात आधी सलाईनच्या चाकावर गेला. सलाईन बंद झालं. "डॉक्टर! सतरा नंबर! लवकर!"

डॉक्टर तरुण होत्या. चष्म्यावर वाफ धरलेली, त्यावर तोंड झाकणारी प्लास्टिकची काच. त्यांनी मला उभ्या उभ्याच वाचलं, भराभर सूचना दिल्या, इंजेक्शन मागवलं, आणि मग काकांकडे वळल्या.

"हे पहिल्या दिवशी का नाही दिलंत?"

काकांनी मास्क इंचभर उचलला. "खाट... काढून घ्याल..."

डॉक्टर त्यांच्याजवळ वाकल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "अहो काका, असे दोन-तीन आजार एकत्र असलेल्या माणसाला या करोनात सगळ्यात जास्त धोका. म्हणून त्याला आम्ही सिस्टरच्या टेबलाजवळची खाट देतो, सतत डोळ्यांसमोर राहावा म्हणून. तुम्ही धडधाकट आहात असं समजून आम्ही तुम्हाला इथे कोपऱ्यात ठेवलं."

तासाभरात काकांची खाट ढकलत टेबलाजवळ नेली. घरी फोन गेला, तो एवढाच: प्रकृती गंभीर आहे, पुढचे काही दिवस कठीण आहेत. मला पारदर्शक पिशवीत घालून त्यांच्या पायथ्याशी टांगलं. तिथून मला सगळं दिसायचं. यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशी व्हायचा, पंच्याऐंशी व्हायचा. टेबलामागची सिस्टर खुर्ची मागे सारून उठायची. आकडा नव्वदवर आला की परत बसायची. असे अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत त्या खोलीतून चार माणसं चादर ओढून बाहेर गेली. प्रत्येक वेळी मी आधी काकांची छाती हलतेय का ते बघायचे.

काका वाचले. चोविसाव्या दिवशी चाकाच्या खुर्चीत बसून घरी आले. किडनी मात्र पार खचली. आता आठवड्यातून दोनदा रक्त साफ करायच्या यंत्रावर जावं लागतं. ते दोन दिवस वाया गेले नसते तर हे टळलं असतं का? काकांनी डॉक्टरांना विचारलं होतं. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. मला हे उत्तर हो किंवा नाहीपेक्षा जड वाटतं.

घरी आल्यावर काकूंनी रुग्णालयाचा शेवटचा कागद माझ्यात लावायला घेतला. लावता लावता त्या वाचायला लागल्या. एका ओळीशी थांबल्या आणि ती मोठ्याने वाचली, "जुन्या आजारांची माहिती दाखल झाल्यानंतर तिसऱ्या दिवशी मिळाली."

काका खिडकीकडे बघू लागले.

"तिसऱ्या दिवशी? अहो, मला तर पहिल्याच दिवशी दिली म्हणालात."

"तुला काळजी नको म्हणून गं..."

"काळजी?" काकूंनी हातातला कागद खाली ठेवला. "तुम्ही गेला असतात तर मी जन्मभर म्हणत राहिले असते, सगळं सांगूनसुद्धा गेले. तुमच्या शब्दावर मी त्या दोन्ही रात्री निवांत झोपले, अहो. तुम्ही तिकडे बुडत होतात आणि मी झोपले होते."

काका खिडकीकडून काकूंकडे वळले. ते एवढंच म्हणाले, "चुकलं माझं." काकू रडत राहिल्या, आणि त्यांचा हात माझ्या चेपलेल्या कोपऱ्यावर होता.

मित्रांनो, तुमच्याही घरात आजीची, बाबांची, मामाची अशी एखादी फाईल असेल. तिला नवं कव्हर घालू नका, तिची पूजाही करू नका. ती फक्त योग्य माणसासमोर उघडा, आणि पहिल्याच दिवशी उघडा. तुमच्या माणसाने "दाखवली" म्हटलं, तरी एकदा डॉक्टरांनाही विचारा. आजार असणं हा गुन्हा नाही. मात्र खरं सांगायलाही श्वास लागतो. तो अंगात आहे तोवर सांगून टाका.