ताटं मांडेपर्यंत

बाबा मार्चमध्ये गेले. एप्रिलमधल्या एका रविवारी त्यांचे मित्र डेलबर्ट आणि स्टॅन नेहमीसारखे मागच्या दाराने स्वयंपाकघरात आले आणि टेबलावर कार्डं मांडून बसले.

तिघांचा हा कुस्तीचा खेळ मी लहानपणापासून बघत आले. प्रत्येक पैलवानाचं एक कार्ड. फासे टाकायचे आणि कुणी कुणाला आपटलं ते कार्डावर वाचायचं. बाबांचा पैलवान, ‘डॉक्टर दाढ’, विजेता होता. पुठ्ठ्याला चॉकलेटचा सोनेरी कागद चिकटवून केलेला त्याचा पट्टा आमच्या फ्रिजवर लटकत असे.

डेलबर्टच्या ‘मालगाडी मर्फी’ या पैलवानाने त्याला आव्हान दिलं होतं. मग बाबा आजारी पडले.

"तू टाक बापाचे फासे," डेलबर्ट मला म्हणाला. "पण हरलीस तर पट्टा माझ्या फ्रिजवर. दयामाया नाही हं, पोरी."

पट्टा जाऊ नये एवढंच मला हवं होतं. फ्रिजच्या दारावर बाबांचं दुसरं काही उरलं नव्हतं.

दोन्ही पैलवान दणकट असले की सामना संपत नाही. दोघंही पाठ टेकते न टेकते तोच उठतात. इतर लोक यावर थकव्याचे गुण वगैरे मोजतात. आमच्याकडे नियम एकच होता. आईने ताटं मांडली की घंटा. सामना बरोबरीत आणि पट्टा जुन्या विजेत्याकडे. हरायला लागले की बाबा ओरडत, "इर्मा, भूक लागली गं!" आई म्हणे, "शिजलं की वाढीन." तिने त्यांच्यासाठी एक मिनिटही कधी घाई केली नाही. त्या खेळाकडे तिने मान वळवून पाहिल्याचंही मला आठवत नाही.

आजही तिने बटाटे आणि हॅमचं भांडं ओव्हनमध्ये सरकवलं आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

मर्फीने डॉक्टरला दोरांवर फेकलं. डॉक्टरने मर्फीचा जबडा उघडला. स्टॅन पंच. तो दर वेळी तळहात आपटून मोजायचा, "एक! दोन! ...सुटला!"

"अरे, मर की एकदा!" डेलबर्ट कार्डावर खेकसला.

"डेल, ते कार्ड आहे," स्टॅन म्हणाला.

"मला माहितीय! तू मोज."

मग डेलबर्टला बारा पडले. मालगाडी डॉक्टरच्या छातीवर. सुटायला मला दहाच्या वर हवे होते. मी फासे हातात घेतले आणि घट्ट धरून बसले.

"टाक ना!"

मागे ओव्हनचं दार आपटलं. आईने गरम भांडं थेट कार्डांच्या आखाड्यावर ठेवलं आणि चार ताटं खणखणत मांडली.

"इर्मा, हे आत्ता तर आत गेलं होतं!" डेलबर्ट ओरडला.

"झालं शिजून."

डेलबर्टने स्टॅनकडे पाहिलं. स्टॅन बराच वेळ छताकडे बघत राहिला. "फासे अजून पोरीच्या हातात आहेत," तो शेवटी म्हणाला. "ताटं आली. घंटा झाली."

आईने वाढलं. बटाटा दाताखाली सफरचंदासारखा करकरला. डेलबर्ट चावत होता, चावतच होता. एकदा त्याने फ्रिजकडे पाहिलं, मग आईकडे, आणि ताट पुढे केलं.

"मीठ बरोबर पडलंय," तो म्हणाला. "अजून थोडं वाढ."