तिसरी मूठ

चिठ्ठी, निनावी:
"रक्तदाबाची गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर घ्यावी लागते का?"

फळ्यावरचं उत्तर:
"बहुतेकांना लागते. काहींची कमी होते, क्वचित बंदही होते. मात्र ते ठरवायचं डॉक्टरांनी. — सिस्टर"

आता ही चिठ्ठी काय आणि फळा काय, ते आधी सांगून टाकू. नळ बनवणारा कारखाना, तीनशे माणसं. प्रथमोपचाराच्या खोलीबाहेर सिस्टरने एक लाकडी पेटी टांगली होती. तोंडावर विचारायला लाज वाटते ते कागदावर विचारा, नाव घालू नका, सोमवारी फळ्यावर उत्तर वाचा. माणसं काय वाटेल ते विचारायची. रोज अंडं चालतं का? जेवल्या जेवल्या आडवं झालं तर काय होतं? एकाने विचारलं होतं, सिगारेट अर्धीच ओढली तर नुकसानही अर्धंच होतं का? सिस्टरने लिहिलं, "नाही. आणि उरलेली अर्धी कोण ओढतं?"

गोळीची चिठ्ठी पळीबुवांची होती.

पळीबुवा म्हणजे कँटीनचे मुख्य आचारी. कमरेला कायम एक पितळी पळी, चव बघायची. एकतीस वर्षांत त्यांनी मीठ मोजून घातलं नव्हतं. रश्श्याच्या मोठ्या पातेल्यात पहिली मूठ पाणी घालताना, दुसरी उकळी आल्यावर, आणि तिसरी चाखून. पहिल्या दोन मुठी हाताच्या, तिसरी जिभेची, असं ते म्हणायचे. आणि या तिसऱ्या मुठीवर तीनशे माणसं जेवायची.

तीन महिन्यांपूर्वी वार्षिक तपासणीत त्यांचा रक्तदाब सापडला. सकाळी एक गोळी, मीठ कमी, संध्याकाळी चालणं. घरी बायकोने मिठाची बरणी अशी वरच्या फळीवर नेऊन ठेवली, की जणू घरात उंदीर शिरलाय.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग रांगेतला एक वेल्डर बोलला.

"पळीबुवा," ताट पुढे करत तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज रस्सा केलाय की बटाट्यांना आंघोळ घातलीय?"

रांग हसली. पळीबुवांनी पळी बुडवून चाखलं. चव बरोबर होती. अगदी बरोबर! दुसऱ्या दिवशी घेवडा अळणी. तिसऱ्या दिवशी डाळ अळणी. त्यांच्या जिभेला मात्र सगळं ठाकठीक. आठवड्याने साहेबांनी बोलावलं, बसा म्हणाले, आणि पळीबुवा तेव्हाच समजले. उभ्या माणसाला साहेब वाईट बातमी देत नसत.

"आज सोमवार, पुढच्या सोमवारपर्यंत बघू," साहेब म्हणाले. "नाही जमलं तर दुसऱ्या आचाऱ्याला पुढे करू. तुम्ही भाजी निवडायला बसा. वयाचं असतं हो."

भाजी निवडायला! पळीबुवा बाहेर आले ते मनाशी एकच गोष्ट ठरवून. हे वयाचं नाही. हे गोळीचं. गोळी सुरू झाली आणि जीभ गेली.

चिठ्ठी, निनावी:
"गोळीने जिभेची चव जाते का? उत्तर लौकर द्यावे."

सोमवार लांब होता. थांबायला वेळ कुणाला होता? त्यांनी स्वतःच उत्तर दिलं आणि गोळी बंद केली. बायको सकाळी विचारायची, "अहो, गोळी?" हे म्हणायचे, "घेतली." गोळी जायची लवंगांच्या रिकाम्या डबीत. फेकायची छाती नव्हती. एकतीस वर्षं स्वयंपाकघरात काढलेला माणूस काहीही फेकत नाही.

चार गोळ्या डबीत जमल्या. जीभ काही परत आली नाही. डोकं मात्र जड झालं, आणि शुक्रवारी पातेलं उतरवताना समोरची भिंत जरा हलली. तेव्हा ते घाबरले. आचाऱ्याला सुचावा तसाच उपाय त्यांना सुचला.

चिठ्ठी, निनावी:
"राहून गेलेल्या चार गोळ्या एकदम घेतल्या तर भरपाई होते का?"

या चिठ्ठीला सिस्टर सोमवारपर्यंत थांबली नाही. अर्ध्या तासात फळ्यावर मोठी अक्षरं आली:

"नाही! एकदम घेऊ नका! ज्यांच्या चिठ्ठीला कांद्याचा वास येतो त्यांनी आत्ता, हातातलं काम टाकून, माझ्या खोलीत यावं."

पळीबुवा गेले. हात पुसत, चोरासारखे.

"गोळ्या द्या," सिस्टर म्हणाली.

"कसल्या गोळ्या?"

"काका."

त्यांनी डबी दिली. तिने दंडाला पट्टा बांधला. एकशे अडुसष्ट, एकशे चार. तिने डॉक्टरांना फोन लावून आकडे सांगितले, आणि मग एक गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"रोजची आहे तेवढीच घ्यायची, आजपासून पुन्हा. उद्या सकाळी डॉक्टरांकडे, आणि चक्कर वाढली तर लगेच. मीठ राहिलं तर मागाहून घालता येतं काका, गोळीचं तसं नाही."

"पण जीभ, सिस्टर! जीभच गेली तर मी काय घेऊन जगू? भाजी निवडू?"

सिस्टर उठली. तिने तीन पेले आणले, पाठ करून त्यात काहीतरी ढवळलं आणि टेबलावर मांडले. "चाखा."

पळीबुवांनी पळी काढली. सवय. "हे साधं. हे खारट." तिसऱ्यापाशी थांबले. "यात अगदी चिमूटभर आहे."

सिस्टरने तिसरा पेला स्वतः तोंडाला लावला, दोनदा. "मला हे पाणीच लागतंय," ती म्हणाली. "मीच मीठ घातलंय म्हणून माहीत. तुमची जीभ गेली नाही काका. तीन महिने घरी कमी खाल्लंत ना, ती थोडक्यावर भागवायला शिकलीय. काही गोळ्यांनी चव बदलते, तुमच्या या गोळीची तशी तक्रार सहसा नसते. तसं वाटलं तरी विचारायचं, बंद नाही करायची."

पळीबुवांनी पळी पुन्हा कमरेला खोचली. गेल्या काही आठवड्यांत तिसरी मूठ टाकलीच नव्हती, हे त्यांना आत्ता, स्टुलावर बसल्या बसल्या आठवलं. हात मिठाच्या डब्याकडे जायचा, आणि जीभ म्हणायची, पुरे.

(संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चार दिवस माझ्या तोंडावर खोटं बोललात?" दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे तीही बरोबर आली. आता गोळी तिच्या देखत, चहाआधी.)

सोमवार. साडेअकरा. रस्सा रटरटत होता, दोन मुठी पडल्या होत्या, आणि साहेब अकारण कँटीनमध्ये घुटमळत होते. पळीबुवांनी पळी भरली, तोंडाकडे नेली, मध्येच थांबले. मग दाराशी येऊन हाक मारली.

"वेल्डर! इकडे ये. तोंड फार चालतं ना तुझं? आज कामाला लाव."

वेल्डर बिचकत आला. एकतीस वर्षांत ती पळी दुसऱ्या कुणाच्या तोंडाला लागली नव्हती. त्याने चाखलं. "कमी आहे," तो हळूच म्हणाला. पळीबुवांनी अर्धी मूठ टाकली, ढवळलं. "आता?"

"अजून थोडं."

पाव मूठ. वेल्डरने डोळे मिटले. "बस."

बाराला रांग लागली. तीनशे माणसं जेवली आणि एकानेही काही म्हटलं नाही. कँटीनमध्ये यापेक्षा मोठं कौतुक नसतं. साहेब दुसऱ्यांदा रस्सा घेऊन गेले. भाजी निवडण्याचं पुन्हा कुणी काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात सिस्टर एक चिठ्ठी घेऊन स्वयंपाकघरात आली. "हा माझ्या खात्यातला प्रश्न नाही, काका."

चिठ्ठी, निनावी:
"तपासणीत माझाही दाब जास्त निघालाय. दोन मुठींचाच रस्सा वेगळा मिळेल का? कुणाला कळू नये."

कागदाला ठिणग्यांची तीन बारीक भोकं होती.

पळीबुवांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, फळीवरून एक छोटं पातेलं काढलं, आणि तिसरी मूठ पडायच्या आधीच मोठ्यातला रस्सा त्यात काढून घेतला. दोन माणसांपुरता.