इथं स्टॉप नाही

पहिला दगड टपावर आदळला तेव्हा मामांना वाटलं, वर बांधलेली सामानाची पेटी सुटली. दुसरा समोरच्या काचेवर आला आणि काच वरपासून खालपर्यंत तडकली.

"खाली वाका सगळे!" मामा ओरडले. "डोकी सीटखाली घाला!"

पुढं रेल्वेचं फाटक बंद. मागं दोन टेम्पो आडवे लावलेले. सूर्य अजून पुरता मावळला नव्हता आणि फुटबॉल क्लबच्याच निळ्या शर्टातली माणसं दोन्ही अंगांनी बसला भिडली होती. सकाळी हीच मंडळी याच बसच्या मागून शिट्ट्या फुंकत, झेंडे फडकवत परगावच्या मॅचला आली होती. दुपारी संघानं चार गोल खाल्ले आणि झेंड्यांच्या तेवढ्या काठ्या उरल्या.

क्लबची बस हाती येण्याआधी मामा शहर बसवर ड्रायव्हर होते. उभं आयुष्य स्टेअरिंगमागं गेलं, पण त्यांच्या गाडीखाली कधी कोंबडीसुद्धा आली नाही. खेळाडू पोरं त्यांच्या चालवण्याची टर उडवायची. "मामा, सायकलवाला पुढं गेला!" मामा आरशात बघून म्हणायचे, "जाऊ दे, त्याला गोल खायची घाई असेल."

या वर्षी मात्र ही थट्टाही कुणाला सोसवेना. संघ तळाला जाऊन बसला होता. न्हाव्याच्या खुर्चीत, दवाखान्याच्या बाकावर, जिथं चार माणसं भेटतील तिथं एकच विषय, संघ खेळवणारा मॅनेजर ठेवायचा की हाकलायचा. येत्या रविवारी क्लबच्या सभासदांची सभा होती, तिथं हात वर करून निकाल लागायचा होता. मामा सभासद होते आणि त्यांचं मत काही गुपित नव्हतं. आदल्याच दिवशी त्यांच्या घरी जेवताना मेव्हण्यानं विचारलं होतं, "दाजी, तुम्ही तर रोज बघता. खरं सांगा, काय करावं?"

"हाकलावा," मामा घास चावत म्हणाले होते. "माणूस सोन्यासारखा आहे. पण बचाव उघडा टाकून सगळ्यांना पुढं पळवतो. म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्यागत. मग खाली गेल्यावर देवाला हाका मारायच्या."

मेव्हण्यानं खूश होऊन मांडीवर थाप मारली होती. हा मेव्हणा शिंपी होता. क्लबचे सगळे झेंडे तोच शिवायचा आणि मैदानात घोषणांची सुरुवातही तोच करायचा. आवाज असा, की गावानं त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं.

तोच आवाज आता खिडकीखालून आला.

"दाजी! दार उघडा! आम्हाला फक्त तो पाहिजे. बाकी कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही!"

"घरी जा!" मामा काचेआडून म्हणाले. "ताई वाट बघत असेल तुझी."

"तुम्हीच म्हणालात ना काल, हाकला म्हणून? मग काय झालं आता?"

मागच्या बाजूची एक खिडकी फुटली. कुणीतरी किंचाळलं. बस डावीउजवीकडं हलू लागली; बाहेरचे लोक तालात ढकलत होते, जणू मैदानात टाळ्याच वाजवत होते.

दोन सीटांच्या फटीत बसलेले क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, "मामा, उघडा ना दार. रविवारी तो जाणारच आहे. दोन दिवस आधी गेला म्हणून काय बिघडलं?"

कॅप्टन उठला. काच लागून त्याचा ओठ फाटला होता, हनुवटीवरून रक्त गळत होतं. त्यानं मॅनेजरची कॉलर धरली आणि त्यांना दोन सीटांमधून ओढत दारापर्यंत आणलं. "तुमच्यापायी आम्ही का मरायचं? सांगा ना, का मरायचं?"

मॅनेजरनी हात सोडवला नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण कोटाची बटणं त्यांनी लावून घेतली होती, सभेला निघाल्यासारखी. "मामा," ते म्हणाले, "उघडा. मी उतरतो."

मामांनी बाहेर पाहिलं. दाराशी एकाच्या हातात सळई होती, एकाच्या हातात फुटकी बाटली. त्यांच्या मागं पंचवीस-तीस जण रेटत होते. हे लोक या माणसाला जिवंत सोडणार नाहीत, हे मामांना दिसलं. त्या लोकांना स्वतःलाही ते अजून कळलं नव्हतं.

"इथं स्टॉप नाही," मामा म्हणाले.

"काय?"

"इथं स्टॉप नाही. दार उघडणार नाही. जागेवर बसा."

कॅप्टननं स्टेअरिंगशेजारच्या दाराच्या बटणाकडं हात नेला. मामांनी सीटखालून टॉमी काढली, चाकाचे नट सोडवायची ती लोखंडी दांडी, आणि उभे राहिले. "पोरा, तुला मी लहानाचा मोठा होताना बघितलंय. पण या बटणाला बोट लावलंस तर बोट जाईल."

कॅप्टन त्यांच्याकडं बघतच राहिला. मग त्याची पकड सुटली आणि तो दाराच्या पायरीवर मटकन खाली बसला.

तेवढ्यात मामांच्या कानाजवळची काच फुटली. उजव्या डोळ्यात काहीतरी गरम शिरलं. त्यांनी हात लावला तर बोटांना काचेचा कण लागला आणि तळहात लाल झाला. दुखलं नाही. फक्त अर्धं जग विझलं.

उरलेल्या अर्ध्यात एक हात दिसला. फुटक्या खिडकीतून तो खांद्यापर्यंत आत आला होता आणि दाराचं बटण चाचपडत होता. सुया टोचून टोचून खरबरीत झालेली बोटं, नखाशी खडूची पांढरी रेघ. मामांच्या अंगातला शर्ट याच हातानं शिवला होता.

"काढ," मामा म्हणाले. "काढ हात. सांगतो तुला!"

हात बटणापर्यंत पोचला. मामांनी टॉमी घातली. हाड मोडल्याचा आवाज त्या गदारोळातही त्यांना ऐकू आला. बाहेर भोंगा गुरासारखा ओरडला, पण हात मागं गेला नाही. मोडक्या मनगटानिशी बोटं पुन्हा बटणाकडं सरकली. मामांनी दुसरा घाव घातला, बोटांवर.

मग हात गेला.

रेल्वे धडधडत निघून गेली. फाटक वर उचललं जाऊ लागलं. मामांनी एका हातानं डोळा दाबला, दुसऱ्यानं गिअर टाकला. लोक बॉनेटवर मुठी मारत होते, एकजण आरशाला लोंबकळला, आरसा तुटला आणि तो आरशासकट खाली गेला. मामांनी हॉर्नवरचा कोपर काढला नाही. पहिल्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्याच्या वेगानं, त्यांनी गर्दीतून बस काढली. एकही माणूस चाकाखाली आला नाही. मागं पुन्हा दगड बसले, मग थांबले.

बस त्यांनी थेट इस्पितळाच्या आवारात नेली. हँडब्रेक ओढला, दाराचं बटण दाबलं.

"उतरा आता," ते म्हणाले आणि स्टेअरिंगवर डोकं टेकवताच त्यांची शुद्ध हरपली.

डोळा गेला. मेव्हण्यालाही त्याच इस्पितळात आणलं होतं, त्याच वॉर्डात, मधे दोन खाटा सोडून. मामांची बायको घरून एकच डबा आणायची. आधी भावाला भरवायची, कारण त्याला हातानं खाता येत नव्हतं, मग नवऱ्याजवळ येऊन बसायची. एकदा डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "एकानं डोळा घालवला, एकानं हात. आणि एखादा गोल तरी झाला का?"

ती गेल्यावर मेव्हण्यानं छताकडं बघत विचारलं, "दाजी, हात माझा आहे हे माहीत होतं?"

"होतं."

"दुसऱ्यांदा मारलं तेव्हाही?"

"तेव्हाही."

मेव्हण्यानं प्लास्टरमधला हात छातीवर घेतला. "डॉक्टर म्हणाले, बोटं आता मिटायची नाहीत. कात्री धरता येणार नाही." मग तो भिंतीकडं तोंड करून पडला. मामांना उठून त्याच्याजवळ जावंसं वाटलं. गेले नाहीत.

पुढं ढकललेली सभा मामा इस्पितळातून सुटल्यावर झाली. क्लबच्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. मारामारीतले काही चेहरेही आले होते, खाली माना घालून. मॅनेजर एका कडेला उभे होते. सेक्रेटरींनी मामांच्या धाडसावर भाषण केलं, आवाज कापरा केला, टाळ्या मिळवल्या. मामांनी टाळ्या वाजत असताना बुटाच्या नाडीची गाठ सोडून पुन्हा बांधली. मॅनेजर वाचले असंच सगळ्यांना वाटत होतं. ज्या माणसानं त्यांच्यासाठी डोळा दिला, तो आता मतही देणार. आणि त्याच्यासमोर विरोधात हात वर करायची कुणाची छाती होती?

"मॅनेजर बदलावा असं ज्यांना वाटतं," सेक्रेटरी म्हणाले, "त्यांनी हात वर करावा."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. मामांनी हात वर केला.

खुर्च्या करकरल्या. लोक वळून वळून बघू लागले. मागच्या रांगेत मेव्हणा बसला होता, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. त्यानं डावा हात वर केला. मग एकेक करत निम्म्याहून जास्त हॉलचे हात वर गेले.

कुणीतरी न राहवून म्हणालं, "मामा, मग त्या दिवशी डोळा कशापायी घालवलात?"

मामा उठून उभे राहिले. बोलायची सवय नव्हती, त्यांनी घसा साफ केला. "त्या दिवशी मला मत कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "दार उघड म्हणाले होते."

आणि खाली बसले.

सभा संपल्यावर मामा बायकोबरोबर हॉलबाहेर येऊन थांबले. आवारात नवा ड्रायव्हर बस मागं घेत होता. घाई करत होता, चाक भिंतीला घासत होतं. मामांचा पाय नकळत ब्रेकसाठी जमिनीवर दाबला गेला. ते एकटक तिकडंच बघत होते. त्यामुळं मॅनेजर उजव्या बाजूनं येऊन उभे राहिले ते त्यांना समजलं नाही. मॅनेजरनी हात पुढं केला. हात तसाच राहिला.

"अहो," बायको म्हणाली.

मामा वळेपर्यंत मॅनेजर वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला आले होते. त्यांनी बॅग खाली ठेवली आणि हात पुन्हा पुढं केला. मामांनी तो दोन्ही हातांनी धरला.