ताईसाठी घेतलेली बॅग

मित्रांनो, मी एक जुनी, निळी, चाकांची बॅग आहे. माझं एक चाक निखळलं आहे, त्यामुळे मला ओढलं की मी एका बाजूला कलते. सध्या माझा मुक्काम एका इमारतीच्या तळघरात आहे. शेजारी हवा गेलेल्या सायकली आहेत आणि कोणाची तरी कपाटाची सुटी दारं. इथे बोलायला कोणी येत नाही, म्हणून आज तुमच्याशीच बोलते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कापणारे वेगळे, शिवणारे वेगळे, चाकं बसवणारे वेगळे. शेवटी एका चष्मेवाल्या बाईंनी माझी चेन सर्रकन उघडली, सर्रकन लावली, मला दोनदा आपटलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "ही दणकट आहे गं. जाईल कुठेही." कौतुकाचं ते पहिलं वाक्य मी पुढे कित्येक वर्षं मनाशी घोळवत राहिले.

दुकानातून मला बाबांनी आणलं. बाबा म्हणजे दोन मुलींचे वडील, बसगाड्या दुरुस्त करणारे मेकॅनिक. त्यांच्या नखांत वंगण असायचं, म्हणून त्यांनी मला हात लावण्याआधी बोटं पँटला पुसली. "परदेशी जायला चालेल ना?" त्यांनी विचारलं. दुकानदार म्हणाला, "अहो, बॅगेला काही हरकत नाही. जाणाऱ्याचं बघा!"

जाणार होती त्यांची थोरली मुलगी. घरात सगळे तिला ताई म्हणत, आईबाबासुद्धा. ताई पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. नद्यांचं पाणी कसं बिघडतं आणि कसं सुधारता येतं, हे तिला परदेशातल्या विद्यापीठात शिकायचं होतं. त्याच दिवशी तिने अर्ज भरायला घेतला होता. बाबा मला घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा आईने कपाळाला हात लावला.

"अहो, अजून कशात काही नाही आणि बॅग कसली घेऊन आलात?"

"मिळणारच आहे तिला. मग ऐन वेळी धावपळ नको."

ताई लाजली. पण आई आत गेल्यावर तिने मला उघडून माझ्या अस्तरावरून हात फिरवला. मला वाटलं, आता आठ-पंधरा दिवसांत निघायचं. मला काय ठाऊक, परदेशी शिकायला जायचं म्हणजे किती उंबरे झिजवावे लागतात! भाषेची परीक्षा, प्राध्यापकांची शिफारसपत्रं, 'मला हेच का शिकायचं आहे' हे सांगणारा निबंध. एक प्राध्यापक तर "उद्या देतो, उद्या देतो" म्हणत महिनाभर टोलवत राहिले. सगळं पाठवून झाल्यावर उरलं ते वाट पाहणं. मला दोघी बहिणींच्या खोलीतल्या कपाटावर ठेवलं होतं. तिथून मला ताई दिसायची. ती जेवतानासुद्धा मोबाइल पालथा ठेवायची आणि परत सुलटा करायची.

नकार आला तेव्हा तिने डबा भरला. नेहमीसारखी कामाला गेली. आईने मला खाली उतरवलं, माझ्यात जास्तीची पांघरुणं कोंबली आणि परत वर ठेवलं. "रिकामी तरी कशाला राहायची," ती म्हणाली. ते ती माझ्याबद्दल म्हणाली की ताईबद्दल, हे मला कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी ताईने पुन्हा अर्ज केला. या खेपेला तिच्यासोबत धाकटीनेही केला. धाकटी नुकतीच पदवीधर झाली होती. आकडेमोडीत तल्लख, पण स्वभावाने आळशी. ताईच तिच्या मागे लागली.

"भर गं. नुसती लोळत असतेस."

"तुझं होऊ दे आधी. मी काय, तुझ्यामागून येईन."

"मागून-बिगून काही नाही. जोडीने जाऊ. खोलीचं भाडं तरी अर्धं होईल."

धाकटीचा निबंध ताईने तपासला. खोडलं, परत लिहायला लावलं, परत खोडलं. स्वतःच्या मुलाखतीच्या दिवशी ताईने इस्त्रीचा शर्ट घातला आणि खाली घरातलीच विजार. समोर पडद्यावर तीन प्राध्यापक होते. पहिली उत्तरं तिने छान दिली. मग एकाने काहीतरी विचारलं आणि ती अडखळली. तिला उत्तर येत होतं, शब्द येत नव्हते. पडदा बंद झाला तरी ती खुर्चीवरून उठली नाही. आणि मग एकटीच, भिंतीकडे बघत, तिने ते उत्तर पूर्ण दिलं. मित्रांनो, ते ऐकणारी मी एकटीच होते.

ताईला दुसऱ्यांदा नकार आला. आठवडाभराने धाकटीला होकार आला.

धाकटी तेव्हा खोलीत एकटी होती. तिने मोबाइलवर वाचलं, हात तोंडावर दाबला, एक उडी मारली आणि तिथेच थबकली. स्वयंपाकघरातून ताईचा आवाज येत होता. धाकटीने मोबाइल उशीखाली सारला आणि बाहेर जाऊन भांडी विसळू लागली. ताई म्हणाली, "आज सूर्य कुठे उगवला?" धाकटी नुसती हसली.

तिने कोणाला सांगितलंच नाही. पण विद्यापीठाच्या अर्जात घरचा दुसरा नंबर म्हणून ताईचा नंबर दिलेला होता. एका दुपारी त्या नंबरावर फोन आला. तुमची बहीण प्रवेश घेणार आहे की नाही, मुदत संपत आली आहे, असं कोणी बाई विचारत होत्या. ताईने शांतपणे सांगितलं, "घेणार आहे. आज कळवते." मग ती पलंगावर धाकटीसमोर जाऊन बसली.

"कधी कळलं?"

धाकटीने मोबाइल उघडून ते पत्र तिच्यापुढे धरलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतंच. एक दिवस रडले असते. पण तो रडायचा दिवस माझा होता ना? तू कोण तो काढून घेणार?"

"तू जा म्हणालीस तरच मी जाईन, ताई."

"वा! म्हणजे नाही गेलीस तर त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर."

मग ताई खुर्चीवर चढली. तिने मला खाली घेतलं, पांघरुणं उपसली, ओल्या फडक्याने मला आतबाहेर पुसलं.

"ही घेऊन जा."

"ती तुझी आहे."

"बॅगेला काय कळतंय ती कोणाची ते!"

मित्रांनो, कळतं. मला फार चांगलं कळत होतं.

पुढचे दिवस ताईने धाकटीकडून व्हिसाच्या मुलाखतीची तयारी करून घेतली. बाबांचा चष्मा नाकावर लावून ती अधिकारी व्हायची.

"शिक्षण झाल्यावर परत येणार का?"

"हो, येणार."

"कशावरून?"

"घरी आईबाबा आहेत. ताई आहे."

"ताई काय करते?"

धाकटी चादरीचा दोरा ओढू लागली. अधिकाऱ्याने चष्मा काढून ठेवला आणि ताई चहा करायला उठली.

विमानतळाच्या दाराबाहेरच्या काट्यावर माझं वजन जास्त भरलं. सगळ्यांसमोर मला जमिनीवर उघडून दोन जाड पुस्तकं आणि एक भांडं बाहेर काढावं लागलं. आई रडत होती, बाबा उगाचच माझं हँडल वरखाली करून बघत होते. ताईने गुडघ्यावर बसून, पूर्ण जोर लावून माझी चेन लावली. तिच्या हाताचा तो मला झालेला शेवटचा स्पर्श. काचेच्या दारातून धाकटीने मला ओढत आत नेलं. मी परदेशी निघाले होते, पण जिच्यासाठी मला आणलं, ती त्या दारापलीकडे राहिली होती.

परदेशातली खोली लहान होती. सुरुवातीला तिथे टेबल नव्हतं, म्हणून धाकटी मला आडवी टाकून माझ्यावर जेवायची, माझ्यावर वही ठेवून अभ्यास करायची. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत कामाचे दिवस. धाकटी दिवसभर वर्गात असे. परत आली की कितीतरी वेळ कोट न काढताच बसून राही. घरच्यांशी फोनचा स्पीकर लावून बोलताना मात्र आवाज खणखणीत. "सगळं मस्त आहे! मैत्रिणी झाल्या! जेवले!" यातलं जेवले तेवढं खरं असायचं, तेही कधी कधी. फोन ठेवला की खोलीत इतकी सामसूम होई, की खोली तापवणाऱ्या रेडिएटरमधलं पाणीसुद्धा ऐकू यायचं.

ताईही तिकडून म्हणे, "आमचंही मस्त. काळजी करू नकोस." मग दोघी हवामानावर बोलत.

टेबल आलं आणि माझी रवानगी पलंगाखाली झाली. एके दिवशी फोन बाबांनी उचलला. ते सहज बोलून गेले, "हल्ली ताईला जो तो विचारतो, धाकटी कशी आहे, धाकटी काय म्हणते. बिचारी सगळ्यांना सांगून सांगून थकते. आता तिने शेजारीपाजारी जाणंच सोडलंय."

धाकटी ताठ उठून बसली. "बाबा, तिला द्या जरा," ती म्हणाली. पलीकडून ताईचा "बोल गं, कशी आहेस?" असा नेहमीचा आवाज आला.

"माझं राहू दे. ताई, तू कशी आहेस?"

उत्तर आलं नाही. मला वाटलं, फोन कट झाला. मग ताई अगदी हळू म्हणाली, "संध्याकाळी घरी यावंसंच वाटत नाही गं. तुझा पलंग समोर दिसतो. मला तुझा रागही येतो आणि आठवणही येते. दोन्ही एकदम येतात."

"मला इथे कोणी नाहीये, ताई," धाकटी म्हणाली. "मी खोटं सांगत होते."

मग दोघी रडल्या. बाबांना काही कळेना, ते तिकडून "काय झालं? काय झालं?" करत राहिले. त्या दिवसापासून त्या दोघी हवामानावर बोलल्या नाहीत. ताईने तिसऱ्यांदा अर्ज केला नाही. धाकटीने एकदाच विचारलं, पुन्हा नाही. ताई तिच्या प्रयोगशाळेतल्या गमतीजमती सांगायची, कधी चिडायची, कधी न बोलताच फोन चालू ठेवून कपड्यांच्या घड्या करायची. धाकटी ऐकत राहायची.

शिक्षण संपल्यावर धाकटीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. खोली सोडताना जिन्यात माझं चाक तुटलं. तिने मला इथे तळघरात ठेवलं आणि म्हणाली, "नंतर नेते हं." मी तिला दोष देत नाही. मोडकी बॅग घेऊन कोण कुठे जाणार? पण वरच्या जिन्यावर पावलं वाजली की मी अजूनही ऐकते.

मित्रांनो, तुमच्या घरी कपाटावर एखादी बॅग असेल, तर तिला अधूनमधून उघडा, जरा वारा लागू द्या. बंद राहून अस्तर कुबट होतं. आणि तुमच्या ओळखीचं कोणी लांब शिकायला गेलं असेल, तर त्याची खुशाली त्याच्याकडूनच घ्या. घरी मागे राहिलेलं माणूस दारात भेटलं, तर त्याला फक्त त्याचंच विचारा. आणि विचारून लगेच निघू नका. उत्तर यायला वेळ लागतो.